तारेवरची गुणगुण

३ मार्च

वन्सं,

तुमचं मागचं पत्र येऊन चार महिने झाले, उत्तर दिलं नाही. आज लिहितेय तेही कामासाठीच. रागवायचं तर रागवा, पण आधी काम ऐका.

आमचा दवाखाना तुम्ही पाहिलाय. दहा खाटा, व्हरांड्यात एक बाक, डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस. बाकीचे दिवस मी. हृदयाचे डॉक्टर शहरात, गाडीने चार तासांवर. गेल्या महिन्यात शाळेतले गणिताचे मास्तर चालत आले. बाकावर बसले आणि म्हणाले, "सिस्टर, जरा ॲसिडिटी झालीय." मी कार्डिओग्राम काढला आणि कागदाची पट्टी हातात धरून उभी राहिले. मला त्यातलं थोडं कळतं. थोडं म्हणजे किती, ते त्या दिवशी कळलं. गाडी येईपर्यंत मास्तर गेले. चष्मा अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे, न्यायला कुणी आलं नाही.

आता एका संस्थेनं आम्हाला एक यंत्र दिलंय. आम्ही त्याला डबाच म्हणतो. कार्डिओग्राम काढताना याची एक तार टेलिफोनला जोडायची, शहरातला नंबर फिरवायचा, की इथली रेघ तिकडे कागदावर उमटते. हृदयाचे डॉक्टर बघतात आणि दहा मिनिटांत सांगतात, हे द्या, ते देऊ नका. एवढं सोपं.

पण टेलिफोन ऑफिस म्हणतं, डब्यावर मंजुरीचा शिक्का नाही, लाइनला जोडता येणार नाही. ऑफिस म्हणजे कोण, तर तुमचे दादाच. जेवताना मी विषय काढला.

"शिक्का नाही तर जोडणी नाही," म्हणाले.

"घरचं माणूस म्हणून तरी?"

"घरचं आहे म्हणूनच," म्हणाले आणि ताट घेऊन उठले.

तर वन्सं, असे शिक्के जिथून मिळतात त्याच प्रयोगशाळेत तुम्ही आहात. काहीतरी करा. मला घरात बसवत नाही आणि दवाखान्यात उभं राहवत नाही. बाकापासून फोनपर्यंत सतरा पावलं आहेत. मोजायची गरज नव्हती, तरी मोजली.

तुमची वहिनी

---

११ मार्च

वहिनी,

एका बाकावर बसून सात वर्षं शाळा केली आपण, आणि माझ्या भावाशी लग्न झाल्यापासून तू मला अहोजाहो करतेस. मी काही तुला करणार नाही.

मास्तरांचं वाचून वाईट वाटलं. आपल्याला नव्हते ना ते? आपण सोडल्यावर आले असतील.

आता डब्याचं. शिक्का म्हणजे नुसतं खात्याचं लोढणं नाही. तुला समजेल असं सांगते. टेलिफोनच्या तारेत वीज असते. फोन नुसता ठेवलेला असताना थोडी, आणि घंटी वाजते तेव्हा बरीच जास्त. आकाशात वीज कडाडली तर हजारो व्होल्टचा धक्का त्याच तारेतून आत येऊ शकतो. आणि तू पेशंटच्या छातीला पाणी लावून, रबरी फुगे दाबून, हातापायांना क्लिपा लावून त्याला त्याच डब्याला बांधणार. ओली कातडी आणि आजारी हृदय. म्हणून डब्याच्या आत एक आडभिंत असावी लागते. तारेची दोन वेटोळी शेजारी शेजारी, एकमेकांना न शिवणारी. सूर पलीकडे जातो, वीज जात नाही. ती आडभिंत खरंच टिकते का, हे आम्ही तपासतो. आमच्या खोलीत एक रबरी चटई, एक पिंजरा आणि एक लाल दिवा आहे. तारेच्या बाजूनं चार हजार व्होल्ट लावायचे आणि एक मिनिट घड्याळाकडे बघत राहायचं. पलीकडे काही पोचलं नाही तर पास.

तू डबा मला पाठव. मी रांगेत पुढे घालायला सांगते. तोवर जोडू नका. फोनवर बोललो असतो, पण इथला फोन साहेबांच्या टेबलावर आहे, आणि माझ्या घरी फोन नाही. टेलिफोनच्या पायी आयुष्य काढतेय, आणि ही गत.

दादाचं काय चाललंय? तो काही लिहायचा नाही, तूच लिही.

तुझी नणंद

---

२० मार्च

वन्सं,

डबा पाठवता येत नाही. आमचे डॉक्टर म्हणतात, एकदा हातातून गेला की परत येणार नाही. कपाटावर खोक्यात ठेवलाय. त्याच्या मागच्या पत्र्यावरचे आकडे सगळे उतरवून सोबत पाठवतेय. त्यावरून काही होत असेल तर बघा.

दोन गोष्टी विचारायच्या होत्या, नुसत्या माहिती म्हणून. समजा पेशंटला क्लिपा लावल्यात, नंबर अजून फिरवायचाय, आणि तेवढ्यात बाहेरून कुणाचा फोन आला, तर काय होतं? आणि असा डबा जोडल्यावर फोनवर बारीक गुणगुण ऐकू आली, माशी अडकल्यासारखी, तर त्याचा अर्थ काय?

तुमचे दादा बरे आहेत. हल्ली गप्प असतात. परवा मी वॉर्डात असताना दवाखान्यात आले होते म्हणे, लाइन तपासायला. पाणीसुद्धा न घेता गेले. मला वाटतं त्या दिवशीचं जेवतानाचं अजून मनात आहे.

वहिनी

---

२७ मार्च

वहिनी,

आकडे मिळाले. हे मॉडेल मंजूर यादीत नाही. ते जोडू नका. संस्थेला परत द्या आणि दुसरं मागा. मंजूर असलेल्या तीन यंत्रांची नावं वेगळ्या कागदावर लिहिलीत.

याहून जास्त मला लिहिता येत नाही.

तू ते दोन प्रश्न का विचारलेस? खोक्यातला डबा गुणगुणत नाही.

तुझी नणंद

---

६ एप्रिल

वन्सं,

खोक्यात नाही तो. खोटं लिहिलं होतं. अठ्ठावीस फेब्रुवारीपासून जोडलेला आहे, म्हणजे पहिलं पत्र लिहिलं तेव्हाही होता. संस्थेच्या माणसानंच वॉर्डमधल्या जादा फोनच्या खोबणीत तार खुपसून दिली आणि म्हणाला, शिक्का काय, मागाहून येईल. तुमच्याकडे मी तो मागाहूनचा शिक्काच मागत होते. यांना माहीत नाही. हे आले की मी वरून टॉवेल टाकते.

आता मोजा. बेकरीतल्या बाई. ट्रकचा ड्रायव्हर. पोस्टातले जुने कारकून. आणि एक बाळंतीण, जिच्या छातीत दुखतंय हे कुणी खरंच धरत नव्हतं. चार माणसं. चौघांच्या रेघा तारेवरून गेल्या आणि चौघं स्वतःच्या पायांनी घरी गेली. बेकरीतल्या बाई रोज सकाळी गरम पाव आणून ठेवतात, मला नको म्हणवत नाही.

आणि तुम्ही लिहिता, जोडू नका. का, ते नाही. याहून जास्त लिहिता येत नाही म्हणजे काय? एवढी पाचवीपासूनची ओळख, आणि मला यादी दाखवतेस? ती तीन यंत्रं मागितली. वर्ष लागेल म्हणाले. वर्षभर मी काय करू, बाकावर बसलेल्यांना तुझी यादी वाचून दाखवू?

कारण सांग. खरं कारण असेल तर मी आत्ता तार उपटते. नुसता नियम असेल तर उपटणार नाही.

---

१३ एप्रिल

वहिनी,

तुझं पत्र आज मिळालं. हे मी पोस्टातच उभी राहून लिहितेय, जलद डाकेनं टाकणार. समोरच फोनची खोली आहे. दोनदा आत जाऊन दवाखान्याचा नंबर फिरवायला घेतला आणि दोनदा ठेवला. मी फोन केला तर तुमच्याकडे घंटी वाजेल. त्या क्षणी कुणाच्या अंगाला क्लिपा असतील तर? तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. तेव्हा दिलं नाही, आता देते.

तो डबा मी ओळखते. दोन वर्षांपूर्वी तो आमच्याकडे आला होता. चाचणी मीच केली. चार हजारांपर्यंत जायचीही वेळ आली नाही. दीड हजारावर, अकराव्या सेकंदाला आत ठिणगी दिसली आणि लाल दिवा लागला. उघडून पाहिलं तर दोन वेटोळ्यांमध्ये कागदाचा एक पापुद्रा, बस. बनवणाऱ्यांनी डबा परत नेला, सुधारून आणतो म्हणाले, आणि आलेच नाहीत. उरलेला माल असा दान म्हणून वाटतील हे मला सुचलं नाही.

नापास झालेल्या यंत्राचा निकाल बाहेर सांगायचा नाही, अशा कागदावर आमच्या सह्या असतात. तुझे आकडे पाहिले तेव्हाच ओळखलं. मग मी ती सही आठवली आणि तुला चार कोरड्या ओळी लिहिल्या. वाटलं, तेवढ्यावर ऐकशील. तू खोटं लिहिलंस म्हणतेस, मी गप्प राहून तेच केलं.

आणि अजून एक. आम्ही चाचणी दोन्हीकडून बघतो. डब्याला भिंतीतली वीज लागते. आडभिंत फुटली तर ती वीज टेलिफोनच्या तारेत शिरते आणि बाहेर जाते. खांबावर त्या तारेला कोण हात लावतं, हे मी तुला सांगायला नको.

ती गुणगुण म्हणजे थोडी वीज आत्ताच झिरपतेय. आधी भिंतीतला प्लग काढ, मग फोनची तार. हे वाचून होताच.

---

२४ एप्रिल

वन्सं,

तुमचं पत्र अठरा तारखेला दुपारी मिळालं. सतरा तारखेला सकाळी हे पडले.

क्रमानं लिहिते, नाहीतर जमणार नाही. सोळाला दुपारी वादळ झालं. दवाखान्यामागच्या माळावर वीज पडली, खिडक्या हलल्या. त्यानंतर फोनमध्ये आवाजच नाही. डब्याचा हिरवा दिवा मात्र लागलेला, म्हणून मला वाटलं डबा ठीक आहे. मीच टेलिफोन ऑफिसात माणूस पाठवून तक्रार लिहवली. सकाळी हे आले. हसून म्हणाले, "सिस्टर, तुमची तक्रार पहिल्या नंबरला." मी वॉर्डात गेले आणि डब्यावर टॉवेल टाकला. वन्सं, मी टॉवेल टाकला.

मागच्या खांबाला लोखंडी शिडी, खाली सगळी ओल. मी खिडकीतून बघत होते असं नाही, आवाज ऐकला. धावत गेले तर हे जमिनीवर, उजवा हात मुठीसारखा आवळलेला, ओठ निळे. पहिलं वाक्य बोलले ते, "तारेवर वीज आहे, कुणी चढू नका." मग म्हणाले, "छातीत फडफडतंय."

दोघांनी उचलून वॉर्डात आणलं. डॉक्टर म्हणाले, "कार्डिओग्राम काढा, पाठवा लगेच." फोन बंद आहे हेही विसरून माझे हात सवयीनं डब्याकडे गेले. टॉवेल उचलला, आणि यांचं वाक्य तेव्हा डोक्यात शिरलं. तारेवर वीज आहे. ती आली कुठून? मी भिंतीतला प्लग उपटला, फोनची तार उपटली, डबा उचलून बाहेर व्हरांड्यात ठेवला. डॉक्टर ओरडत होते, वेड लागलंय का म्हणून. मी कार्डिओग्रामचं यंत्र बॅटरीवर टाकलं, पट्टी काढली आणि तीच हातात घेऊन पळत शेजारच्या औषधाच्या दुकानात गेले. त्यांची लाइन वेगळी आहे. गिऱ्हाईकं उभी होती. नंबर लागला.

"सिस्टर, रेघ येत नाहीये," हृदयाचे डॉक्टर म्हणाले.

"येणार नाही. मी वाचते."

"काय वाचता?"

"चौकोन."

तिकडे त्यांनी कुणाकडे तरी पेन मागितलं. मग म्हणाले, "वाचा. दोन टोकांमध्ये किती मोठे चौकोन?"

मी वाचत गेले. दोन. साडेचार. तीन. एक. पुन्हा चार. टोकाची रुंदी दोन बारीक चौकोन. रेघ खाली जाते का, नाही. त्यांनी मधेच दोनदा तोच तुकडा वाचायला लावला. दुकानदार कागदाचं टोक धरून उभा होता, गिऱ्हाइकाकडे वळताना त्याच्या हातून पट्टी ओढली गेली म्हणून मी त्याच्यावर खेकसले. शेवटी त्यांनी औषध सांगितलं, किती आणि किती सावकाश ते सांगितलं, आणि कुठलं अजिबात द्यायचं नाही तेही.

चाळीस मिनिटांनी ठोके लयीत आले. मनगट मोडलंय, तळहात भाजलाय, दोन बोटांना जाणीव नाही. माणूस आहे.

ज्या रेघा मला कळत नव्हत्या त्यातल्या एकीत माझं माणूस होतं, आणि ती रेघ वाकडी मीच केली होती. तुमचं पत्र दुसऱ्या दिवशी आलं. एका दिवसाचा राग कुणावर काढू ते ठरत नाही. सध्या तुमच्यावर काढतेय. खरं तर जागा माझीच आहे.

यांना अजून सांगितलेलं नाही. विचारत नाहीत, तेच सहन होत नाही.

---

५ मे

वहिनी,

तुझं पत्र आल्यावर मी साहेबांकडे गेले. सगळं सांगितलं, डबा कुठला, मी तुला काय कळवलं, किती उशिरा. त्यांनी फाइल मिटली.

"गुप्ततेच्या कागदावर तुमची सही आहे."

"आहे."

"मग?"

"मग आता दुसऱ्या कागदावर करते," म्हटलं, आणि लेखी जबाब दिला.

चौकशी होईपर्यंत मला चाचणीच्या खोलीत जायला बंदी आहे. जुन्या नोंदींच्या खोलीत बसवलंय. पण सूचना निघाली. सगळ्या दवाखान्यांना गेली. असे अजून चार डबे सापडले, त्यातला एक प्रसूतिगृहात जोडलेला. त्यांनी तो त्याच दिवशी काढला. मंजूर यंत्रांपैकी एक तुमच्याकडे पाठवायला संस्था तयार झालीय. वर्ष नाही, महिना.

दिवसभर खुर्चीवरून उठते आणि बसते. सत्तावीस मार्चला चार ओळींच्या ऐवजी पाच लिहिल्या असत्या तर, एवढंच डोक्यात फिरतं. तू माझ्यावर राग काढ, मला चालेल. पण दादाला सांग. त्याचं गप्प राहणं मला लहानपणापासून माहीत आहे, त्यात नेहमी काहीतरी असतं.

तुझी नणंद

---

९ जून

धाकटे,

हे डाव्या हातानं लिहितोय, त्यामुळे अक्षराला हसू नकोस. उजव्यानंही फार बरं नव्हतं.

नवा डबा आला. शिक्क्यासकट. जोडणी दुसऱ्या लाइनमननं केली, मी खाली खुर्चीवर बसून सूचना देत होतो. शेवटी तो म्हणाला, "साहेब, तुम्ही चहा घेऊन या." मनगट जुळलंय. दोन बोटं अजून मिटत नाहीत. ऑफिसनं मला तक्रारी लिहून घ्यायच्या टेबलावर बसवलंय. खांब बहुतेक संपले.

तुझ्या वहिनीनं मला परवा सगळं सांगितलं. डबा, टॉवेल, तुमची पत्रं. रडली नाही, ड्यूटीचा अहवाल दिल्यासारखं उभं राहून बोलली. मी "बरं" म्हटलं. आणखी काही बोलायचं होतं ते जमलं नाही, म्हणून तुला लिहितोय.

मला माहीत होतं. मार्चमध्ये एक्स्चेंजमधून दवाखान्याच्या लाइनवर गुणगुण ऐकली. माग काढत वॉर्डापर्यंत गेलो. दारातून पाहिलं तर बेकरीतल्या बाई खाटेवर, अंगाला सगळ्या क्लिपा, टॉवेल बाजूला पडलेला, आणि तुझी वहिनी पाठमोरी फोनवर. ती म्हणत होती, "हो डॉक्टर, दिसतेय ना रेघ? दिसतेय ना?" असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. माझ्या खिशात लाइन तोडायची पक्कड होती. मी तसाच मागे फिरलो. वहीत लिहिलं, दोष आढळला नाही.

मला ती गुणगुण म्हणजे नुसता आवाज वाटला. आवाजानं कुणी मरत नाही, असं समजून बसलो. आणि सतरा तारखेला चढलो तेव्हा टेस्टर खिशातच होता. डबा तिथे आहे हे माहीत असून लावून पाहिला नाही. लावला असता तर तो डबा मी पाहिलाय, हे मलाच कबूल करावं लागलं असतं. एवढीच गोष्ट.

तेव्हा तू सहीचं घेऊन बसू नकोस, आणि तीही टॉवेलचं घेऊन बसली आहे. शेजारच्या घरात फोनची घंटी वाजली की उभी राहते आणि वाजणं थांबेपर्यंत माझ्याकडे बघत राहते. मी तिच्या तोंडावर हे सांगू शकत नाही. वीस वर्षांत मी तिला दोन-चार वाक्यांपेक्षा मोठं काही सांगितलेलं नाही. म्हणून हे पाकीट न चिकटवता तिच्याच हातात देतोय, पोस्टात टाक म्हणून. उघडं आहे हे तिला दिसेलच.

दादा

वन्सं, वाचलं. व्हरांड्यात उभी राहून दोनदा वाचलं. तो आत खुर्चीवर बसलाय, वर्तमानपत्र उलटं धरून. मी अजून काही बोलले नाही म्हणून घाबरलाय. पाकीट चिकटवते, टाकून येते, मग बोलते. बरंच बोलायचंय. तुझी चौकशी संपली की ये, नाही संपली तरी ये.